घरच्या घरी रेकॉर्डिंग: कमी खर्चातलं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

सूरपारंब्या

नमस्कार मंडळी. स्वतः बांधलेली गाणी घरीच नीट रेकॉर्ड करायची आहेत. गिटार आणि आवाज हे मुख्य, कधीतरी बासरी. एका वेळी दोनपेक्षा जास्त माईक लागणार नाहीत. ड्रम आणि बेस वाजवणारं सोबत कुणी नाही, ते संगणकातूनच काढावे लागतील.

हाताशी असलेलं सामान: विंडोजचा जुना लॅपटॉप (८ जीबी रॅम), दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन.

घोडं अडलंय सॉफ्टवेअरपाशी. जिथे वाचावं तिथे नवं नाव, आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणणारा. दरमहा पैसे भरायची तयारी नाही. फुकट मिळालं तर आनंदच आहे, एकदाच थोडा खर्च करावा लागला तरी चालेल. क्रॅक केलेलं कृपया सुचवू नका.

जाता जाता एक शंका. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज खरोखर जास्त चांगला येतो का, की ती नुसती हवा?

वायरगुंता

रीपर. धागा बंद करा. (हलके घ्या)

हेडफोनवाली

वायरगुंता, तुमचं प्रत्येक धाग्यावर हेच उत्तर असतं. त्यांनी ड्रम आणि बेस संगणकातून हवेत असं स्पष्ट लिहिलंय, आणि रीपरसोबत वाद्यांचे आवाज जवळजवळ येतच नाहीत. एक साधा सिंथ (इलेक्ट्रॉनिक स्वर तयार करणारं वाद्य), एक सँपलर (रेकॉर्ड केलेले आवाज स्वरांवर वाजवणारं), संपलं. नवा माणूस ते उघडतो, समोरचा राखाडी पडदा बघतो आणि निमूट बंद करतो.

वायरगुंता

वाद्यं बाहेरून आणता येतात की. फुकट मिळतात. ड्रमचं एमटी पॉवर ड्रम किट आहे, बाकी सगळ्यासाठी स्पिटफायरचं लॅब्स आहे. सिंथ हवा असेल तर सर्ज एक्सटी, तोही मुक्त स्रोत. राखाडी रंग आवडत नसेल तर थीम बदला.

मंद्र

भांडण थांबवा दोघं. आधी धागाकर्त्याच्या शेवटच्या शंकेचं बघू, ती मिटली की बाकीचं सोपं होतं.

महागड्यात आवाज चांगला येत नाही. माईकने पकडलेला आवाज इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो आणि सॉफ्टवेअर ते आकडे फाइलमध्ये उतरवून घेतं. उतरवून घेण्यात कौशल्य नाही. एकाच इंटरफेसमधून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला केलेलं रेकॉर्डिंग फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच आणि महागातही तेच.

विश्वास बसत नसेल तर घरीच पडताळा. तेच चार ट्रॅक दोन सॉफ्टवेअरमध्ये टाका, पातळ्या तंतोतंत सारख्या ठेवा, एकही इफेक्ट लावू नका आणि दोन्हीकडून ३२ बिट फ्लोटमध्ये एक्सपोर्ट करा. मग दोन्ही फाइली एकाखाली एक मांडून एकीची फेज उलटी करा, म्हणजे तिची लाट वरची खाली आणि खालची वर, आणि एकत्र वाजवा. काही ऐकू येणार नाही, कारण त्या एकमेकींना खोडतात. काही उरलंच तर बहुतेकदा दोष पॅन लॉचा असतो, म्हणजे ट्रॅक डावी-उजवीकडे सरकवताना पातळी किती बदलायची या नियमाचा. मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक एका सॉफ्टवेअरमध्ये ३ डेसिबलने खाली येतो, दुसऱ्यात येत नाही. ते सेटिंग सारखं करा. 'याचा आवाज जास्त भरीव आहे' असं जे लोक छातीठोकपणे सांगतात ना, त्यांना बऱ्याचदा फक्त जरा मोठा आवाज ऐकू आलेला असतो. कान मोठ्या आवाजाला नेहमीच झुकतं माप देतात.

मग जास्त पैसे कशाचे? सोबत येणाऱ्या वाद्यांचे, इफेक्ट्सचे, सूर दुरुस्त करायच्या साधनांचे आणि कामाच्या सोयीचे. यातली वाद्यं बाहेरून आणता येतात, वायरगुंता म्हणतात ते खरं. इफेक्टही आणता येतात. कामाची सोय मात्र बाहेरून आणता येत नाही. एकाच ओळीचे आठ टेक घेतले, म्हणजे ती आठदा गाऊन रेकॉर्ड केली, तिसऱ्यातला पहिला शब्द आणि सातव्यातली तान घ्यायची आहे, ते जिथे चार क्लिकमध्ये होतं ते तुमचं सॉफ्टवेअर. तेवढंच जोखा.

सूरपारंब्या

मंद्र, धन्यवाद, डोक्यावरचं ओझं उतरलं. पण एक भाबडा प्रश्न. ऑडॅसिटी लॅपटॉपवर आधीपासूनच आहे. तेच का नको?

ठोकताल

नको म्हणजे काय, पुरतं की! मी तरी अजून त्यावरच आहे. उगाच लोकांना खर्चात पाडू नका.

हेडफोनवाली

ऑडॅसिटीला नावं ठेवायची टूम आहे, मी त्यातली नाही. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते लिहायला घेतलं, २००० पासून लोकांसाठी खुलं आहे आणि आजही पूर्ण मोफत आहे. पूर्वी त्यात इफेक्ट लावला की तो आवाजात कायमचा मुरायचा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट चालू ठेवून ऐकता येतो, बदलता येतो, काढता येतो. ३.४ पासून मात्रांची जाळीही आली. तेव्हा 'ऑडॅसिटी म्हणजे नुसती कात्री' हे म्हणणं आता जुनं झालं.

पण धागाकर्त्याला ड्रम आणि बेस संगणकातून हवेत. त्यासाठी मिडी लागतं, म्हणजे कोणता स्वर कधी आणि किती जोराने याची नोंद, जी मग आभासी वाद्य वाजवतं. ऑडॅसिटीत मिडी रेकॉर्ड होत नाही आणि व्हीएसटी वाद्यं, म्हणजे बाहेरून आणून जोडायची आभासी वाद्यं, तीही त्यात वाजत नाहीत. म्हणून इथे ते बाद. ठोकताल, तुम्ही फक्त आवाज आणि एक वाद्य करता, म्हणून तुम्हाला पुरतं.

ठोकताल

हे मान्य. ड्रम मी स्वतःच बडवतो त्यामुळे तो प्रश्न कधी आलाच नाही.

पेंग्विनप्रेमी

आर्डर कुणीच कसं सुचवलं नाही? पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं, मुक्त स्रोत, लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीवर चालतं. ट्रॅकवर बंधन नाही, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग अगदी स्टुडिओच्या पद्धतीचं. कोड फुकट आहे. तयार इन्स्टॉलर हवा असेल तर थोडी रक्कम द्यावी लागते, किती ते बव्हंशी तुमच्यावर. आधी चाचणी आवृत्ती उतरवून बघा, ती १० मिनिटांनी गप्प होते, पण हात बसतोय का ते तेवढ्यात कळतं. लिनक्सवाल्यांना ते बहुतेक वितरणांच्या भांडारातून थेट मिळतं.

आणि कुणीतरी लवकरच एलएमएमएस सुचवेल म्हणून आधीच सांगतो, त्याच्या स्थिर आवृत्तीत माईकवरून ऑडिओ रेकॉर्ड होत नाही. ताल आणि सिंथच्या सुरावटी रचायला ते छान आहे. गाणाऱ्याच्या उपयोगाचं नाही.

तिसरी_घंटा

विंडोज आहे म्हणताय तर केकवॉक. ट्रॅकला मर्यादा नाही, मिडी उत्तम, मिक्सर पूर्ण आकाराचा.

मंद्र

केकवॉक चांगलंच आहे, पण त्याची जन्मकथा माहीत असलेली बरी, कारण 'फुकट' या प्रकाराबद्दल ती बरंच शिकवते. १९८७ मध्ये डॉसवर चालणारं मिडी सॉफ्टवेअर म्हणून ते आलं. पुढे सोनार या नावाने मोठं, विकत घ्यायचं सॉफ्टवेअर झालं. मग मालकी गिब्सन या गिटारवाल्या कंपनीकडे गेली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने त्याचं काम थांबवलं. पैसे मोजलेले लोक अधांतरी राहिले. २०१८ च्या सुरुवातीला बँडलॅबने ते विकत घेतलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं, लोक खूश. २०२३ मध्ये पुन्हा घोषणा झाली की यापुढे नवं सोनार येणार आणि जुनं फुकटचं हळूहळू बंद होणार. २०२५ मध्ये सोनारचीही फुकट पायरी आली, मात्र काही सुविधा सदस्यत्वाच्या कुलपात.

म्हणजे सॉफ्टवेअर दमदार, पण कुंपण दर काही वर्षांनी सरकतं. कुणाला दोष देत नाही, फुकट देणाऱ्याचीही काही गणितं असतात. फक्त स्वतःची गाणी अशा ठिकाणी ठेवताना बाहेर पडायची वाट माहीत असावी. प्रत्येक गाणं पूर्ण झालं की सगळे ट्रॅक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, वेव्ह फाइली म्हणून वेगळे काढून ठेवा. प्रोजेक्ट फाइल ज्याची त्यालाच वाचता येते. वेव्ह कुठेही उघडते, पुढेही उघडेल.

काठावरचा_श्रोता

वाचतोय. उपयुक्त धागा.

निवृत्त_नाद

मॅक असता तर हा धागा उघडावाच लागला नसता. गॅरेजबँड २००४ पासून आहे, मॅकसोबत फुकट मिळतं, आपोआप वाजणारा ड्रमर आहे, २५५ ट्रॅक चालतात. उद्या वाढायचं म्हटलं तर तेच प्रोजेक्ट लॉजिक या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उघडतं.

पेंग्विनप्रेमी

आणि लॉजिकशिवाय दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर? गॅरेजबँडमधून सगळे ट्रॅक एका फटक्यात वेगळे काढायची सोय नाही. एकेक ट्रॅक सोलो करून एक्सपोर्ट करत बसा. मंद्र म्हणतात ती बाहेर पडायची वाट तिथे फारच चिंचोळी आहे.

निवृत्त_नाद

खरं आहे ते. मला बाहेर पडायचंच नसल्याने कधी बोचलं नाही.

नाद_खुळा_९

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

संपादक

क्रॅकचे दुवे इथे चालणार नाहीत. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलेलं आहे.

वायरगुंता

नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी क्रॅक हा मूर्खपणाचा व्यवहार आहे. अनोळखी माणसाने बनवलेली फाइल अँटिव्हायरस बंद करून, प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची, आणि तीही ज्या लॅपटॉपवर आपली बँक आणि मेल आहे त्यावर. शिवाय अपडेट घ्यायची सोय नाही.

बरं, आता रीपरबद्दल नीट लिहितो, हेडफोनवालींचा राग ओढवून घेऊन.

रीपर कॉकोस या छोट्या कंपनीचं, आणि त्यामागे विनअँपवाले जस्टिन फ्रँकेल. इन्स्टॉलर इतका लहान की संशय यावा. जुन्या लॅपटॉपवर हे महत्त्वाचं, कारण ते उघडायला आणि चालायला फार काही मागत नाही. ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून बघता येतं, एकही सुविधा बंद नसते. त्यानंतरही ते अडून बसत नाही, सुरू करताना परवाना घ्या म्हणून आठवण करतं, बस. याचा अर्थ कायम फुकट असा घेऊ नका. किमती बदलत राहतात म्हणून आकडा लिहीत नाही, पण घरगुती वापराचा सवलतीतला परवाना एकदाच घ्यायचा असतो आणि तो आत्ताच्या सातव्या आवृत्तीसोबत आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो. रीपरमध्ये व्यावसायिक आणि घरगुती परवाना यांत सुविधांचा काडीचा फरक नाही. व्यवसायातली वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या वर गेली तर मोठा परवाना घ्यायचा, एवढाच नियम.

सोबत येणारे इफेक्ट दिसायला कुरूप आहेत. ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा बदलणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज जवळ आणणारा), गेट (मधली खुडबुड बंद करणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा), सूर लावायचं रीट्यून, सगळं आहे आणि सगळं कामाचं आहे. सुया आणि लाकडी चौकटी नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात. सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ नंतर, मंद्र म्हणतात ते टेकचं निवडणंही सुटसुटीत झालं. टेक एकाखाली एक पट्ट्यांत दिसतात, हवा तो तुकडा माऊसने ओढून घ्यायचा.

हेडफोनवाली

एवढं आधीच लिहिलं असतंत तर मी काही म्हटलं नसतं. :)

तरी माझी तक्रार कायम. रीपरमध्ये एकच गोष्ट पाच प्रकारे करता येते आणि नवख्याला त्यातला एकही सापडत नाही. मेन्यू नुसते लांबत जातात. त्यांच्या संकेतस्थळावर केनी जोया यांचे धडे आहेत, तेही फुकट, ते बघितल्याशिवाय हात घालू नये. ज्यांना हे नको त्यांनी वेव्हफॉर्म फ्री बघावं. ट्रॅकशनचं आहे, ट्रॅकवर मर्यादा नाही, बाहेरचे प्लगइन (वर जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) चालतात, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर आहे. सगळं एकाच पडद्यावर दिसतं, नव्या माणसाला ते बरं पडतं.

तिसरी_घंटा

प्रो टूल्सची फुकट आवृत्ती पण आहे ना?

मंद्र

आहे. प्रो टूल्स इंट्रो, २०२२ पासून. ८ ऑडिओ, ८ इन्स्ट्रुमेंट आणि ८ मिडी ट्रॅक. ऐकायला पुरेसे वाटतात. पण मुख्य आवाज, दुहेरी आवाज, दोन साथीचे आवाज, दोन गिटार, बासरी एवढ्यातच ऑडिओचे सात ट्रॅक गेले. शिवाय त्यात फक्त एएएक्स जातीचे प्लगइन चालतात. वायरगुंतांनी सांगितलेल्या फुकट प्लगइनपैकी ज्यांची एएएक्स आवृत्ती नाही ते तिथे दिसणारच नाहीत. पुढे मोठ्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर सवय म्हणून जरूर शिका.

एफएल स्टुडिओबद्दलही कुणी विचारेल. एकदा घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट, हे धोरण त्यांनी इतकी वर्षं पाळलंय, कौतुक करण्यासारखं आहे. मात्र चाचणी आवृत्तीत जतन केलेलं प्रोजेक्ट परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, आणि सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्डिंग नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर घ्यावी लागते. गाणाऱ्याने स्वस्तातली घेतली तर पंचाईत.

इंटरफेसच्या खोक्यात एबलटन लाइव्ह लाइटचा परवाना आलाय का तेही बघा. पुष्कळ इंटरफेससोबत असतो आणि लोक तो कागद न वाचता टाकून देतात.

सूरपारंब्या

खोकं शोधलं, कागद आहे! पण लाइटमध्ये ट्रॅकला मर्यादा दिसतेय, म्हणून तूर्त बाजूला ठेवतो. रीपर आणि वेव्हफॉर्म दोन्ही उतरवलीत. एकच कडवं दोन्हीत करून बघायचं ठरवलंय.

सुरुवातीलाच अडचण. गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतोय, जणू कुणीतरी माझी नक्कल करतंय. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तसंच. लॅपटॉप जुना म्हणून का?

वायरगुंता

लॅपटॉपचा दोष कमी, सेटिंगचा जास्त. याला लेटन्सी म्हणतात. संगणकात आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेलं माप, त्या प्रत्येक मापाला नमुना म्हणतात. आवाज एकेक नमुना करून पुढे जात नाही, काही नमुने साठले की एकदम पुढे जातात. त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणजे ४० च्या वर, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा वेळ वेगळा. १२८ चा बफर ठेवलात तर एका बाजूचे पावणेतीनच्या आसपास. अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. समोरच्या गिटारवाल्याचं ऐकून आपण वाजवतोच ना, तेवढ्या उशिराचा त्रास होत नाही.

आता करायचं काय:

आधी ड्रायव्हर बघा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारा ऑडिओ ड्रायव्हर) टाका आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तोच निवडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कंपनीचा नसेलच तर एएसआयओफोरऑल आहे, पण तो नाइलाज.

मग रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा २५६. आवाज फुटायला, टकटक यायला लागली तर वाढवा. मिक्सिंगला बसलात की १०२४ करा, तेव्हा उशिराचं कुणाला काय, आणि जुन्या लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा मिळते.

आणि या सगळ्यापेक्षा सोपं म्हणजे इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असं बटण असेल ते दाबा. मग तुमचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला येतो, उशीर शून्याच्या जवळ. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन आवाज ऐकू येतील.

ठोकताल

+१. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये रिव्हर्ब मिळत नाही म्हणून काही गाणारे कुरकुरतात, कोरड्या आवाजात सूर धरता येत नाही म्हणतात. सवय होते.

हेडफोनवाली

सगळ्यांना नाही होत हो. मला थोडा रिव्हर्ब लागतोच. उपाय आहे: डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवायचा आणि सॉफ्टवेअरमधून फक्त शंभर टक्के ओला रिव्हर्ब, म्हणजे मूळ आवाज वगळून नुसता घुमारा, परत घ्यायचा. रिव्हर्ब थोडा उशिरा आला तर बिघडत नाही, तो असतोच उशिराचा.

वायरगुंता

ही युक्ती झकास आहे.

सूरपारंब्या

बटण सापडलं! भूत गेलं. आता गेन, म्हणजे इंटरफेसवर माईकचा आवाज वाढवायचं बटण, किती ठेवायचा? लाल दिवा लागू नये एवढं कळतं. पण खाली किती?

निवृत्त_नाद

टेपच्या काळात आम्ही काटा वरच्या टोकाला नेऊन ठेवायचो, कारण खाली सूं सूं आवाज असायचा. ती सवय सोडा. २४ बिटमध्ये सैद्धांतिक पल्ला १४४ डेसिबलचा आहे, १६ बिटमध्ये ९६. जागा उदंड आहे. सगळ्यात जोरात गाऊन बघा, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. गाण्याच्या भरात माणूस तालमीपेक्षा जोरात गातो, हे हमखास. एकदा आवाज फाटला की कुठलंही सॉफ्टवेअर तो पूर्वीसारखा करून देत नाही.

काठावरचा_श्रोता

थोडं अवांतर. मी फक्त फोनवर करतो, लॅपटॉप नाही. काही आहे का?

हेडफोनवाली

आयफोन असेल तर गॅरेजबँड तिथेही फुकट आहे, ३२ ट्रॅकपर्यंत. अँड्रॉइडवर बँडलॅबचं ॲप, १६ ट्रॅक, तेच ब्राउझरमध्येही उघडतं. अँड्रॉइडवर उशीर फोनगणिक बदलतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र कुठेही वापरू नका, त्याचा उशीर वेगळाच.

सूरपारंब्या

करून बघितलं. कडवं दोन्हीत झालं, आवाजात मला तरी फरक कळला नाही, मंद्र यांचं म्हणणं पटलं. फेज उलटी करायचा खेळही केला.

निरीक्षणं अशी. वेव्हफॉर्ममध्ये पहिलं रेकॉर्डिंग फार लवकर झालं. काहीही न वाचता. ड्रमचा मिडी भरणंही सोपं वाटलं. रीपरमध्ये पहिला ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार कसा करायचा इथपासून शोधाशोध, हेडफोनवालींचं सगळं खरं. पण टेक निवडायला बसलो तेव्हा रीपरमध्ये हात जास्त चालला. आणि रॅमची चणचण रीपरमध्ये जाणवलीच नाही. ड्रम किट आणि लॅब्सचे दोन आवाज उघडल्यावरही लॅपटॉप तग धरून होता.

एक जागा अजून अडते. या गाण्याचा मुखडा मी क्लिक (ठरावीक वेगाने पडणारी टिकटिक) लावून गाऊच शकत नाही. लय मुद्दाम थोडी ओढायची आहे आणि कडव्यात पुन्हा सरळ. क्लिकशिवाय गिटार आणि आवाज रेकॉर्ड केला तर छान येतो. पण मग मिडी ड्रम जुळत नाहीत, जाळी एकीकडे आणि गाणं दुसरीकडे.

मंद्र

हा खरा प्रश्न आहे आणि सॉफ्टवेअर निवडताना फार कमी लोक तो विचारतात. बहुतेक सॉफ्टवेअर असं धरून चालतात की आधी वेग ठरणार आणि मग माणूस त्याच्या मागे जाणार. तुम्हाला उलटं हवंय: माणूस आधी, जाळी त्याच्या मागून.

रीपरमध्ये हे होतं. आधी क्लिक बंद करून गिटार रेकॉर्ड करा. मग प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा जिथे पडते तिथपासून पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंतचा भाग निवडायचा आणि त्या निवडीवरून माप तयार करायची क्रिया चालवायची. सॉफ्टवेअर तेवढ्या भागाचा वेग स्वतः काढतं आणि तिथे खूण लावतं. पुढचं आवर्तन, पुन्हा तेच. मुखडा लहान असेल तर थोडाच वेळ लागतो. एक दक्षता मात्र घ्या. हे करण्याआधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ऑडिओची वेळेची बांधणी मात्रांऐवजी सेकंदांवर ठेवा. नाहीतर वेग बदलला की रेकॉर्ड केलेली गिटारही सरकते किंवा ताणली जाते, आणि आपण जाळी माणसामागे नेतोय की माणूस जाळीमागे, काही कळेनासं होतं.

एकदा जाळी गाण्याबरोबर वळायला लागली की मिडी ड्रम तिच्यावर ठेवा. ते मुखड्यात तुमच्यासोबत ओढतील आणि कडव्यात सरळ होतील. सगळ्या ठोक्यांचा जोर एकसारखा ठेवू नका, हे ठोकताल जास्त चांगलं सांगतील.

ठोकताल

हायहॅटचा, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचा, एक ठोका जोरात, एक हलका, निदान एवढं करा. आणि दोन हातांच्या माणसाला जमणार नाही असं काही वाजवू नका. क्रॅश झांज आणि स्नेअर ड्रम एकदम पडताना हायहॅटही चालू असेल तर तिसरा हात कुणाचा, हे ड्रमरला लगेच ऐकू येतं.

तिसरी_घंटा

तिसरा हात! हे लक्षात ठेवतो.

सूरपारंब्या

जमलं! मुखड्याच्या आठ आवर्तनांना खुणा लावल्या, ड्रम बरोबर मागे येतात. तिसरा हात सापडला होता एका ठिकाणी, कापला. माझ्यापुरतं ठरलं, रीपर. चाचणीचे दिवस संपायच्या आत सवलतीतला परवाना घेतो.

शेवटचं विचारतो. बेस वाजवणारी एक मैत्रीण दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिला हे गाणं बेस वाजवायला पाठवायचंय. डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचं काहीतरी वाचलं, त्याने होईल?

मंद्र

ते बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये आणलेलं प्रोजेक्ट फाइलचं खुलं स्वरूप आहे, क्यूबेस या सॉफ्टवेअरनेही नंतर घेतलं. ज्या दोन सॉफ्टवेअरना ते कळतं त्यांच्यात झकास चालतं. तुमच्या कामाला एवढी यातायात नको. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होतील असे काढा, मध्येच सुरू होणारा असला तरी पुढे शांतता ठेवून. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. पाच मिनिटांच्या मोनो ट्रॅकला साधारण ४३ एमबी लागतात, म्हणजे एकूण फार मोठं होणार नाही. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा इफेक्ट) असेल तर बंद करा. फाइलींना 'ट्रॅक ७' अशी नावं ठेवू नका.

आणि तुमच्या गाण्यात वेग बदलतो, म्हणून सोबत वेगाच्या खुणांसकट मिडी फाइल एक्सपोर्ट करून द्या. ती तिच्याकडे उघडली की जाळी तशीच वळेल.

ठोकताल

एक क्लिकचा ट्रॅकही वेव्ह करून टाका सोबत. मिडी फाइल घेताना वेगाच्या खुणाही घ्यायच्या का असं काही सॉफ्टवेअर विचारतात, आणि माणूस घाईत नाही म्हणून मोकळा होतो.

सूरपारंब्या

क्लिक टाकला. फाइली चढवतोय.